बादलीत पडलं ते सगळं वाईटच?

पेरूच्या जंगलातल्या त्या मोठ्या, गवती छपराच्या घराला मालोका म्हणतात. अंधार पडला की तिथं कडेकडेनं गाद्या मांडलेल्या असतात आणि प्रत्येक गादीशेजारी ठरलेल्या वस्तू असतात: पाण्याची बाटली, टॉर्च, टॉयलेट पेपरचा रोल आणि प्लॅस्टिकची छोटी बादली. दिवे मालवतात. दाट, तपकिरी, कडूजहर पेय एकेकाला पेल्यातून दिलं जातं. मग अर्धा-पाऊण तास काहीच घडत नाही. पहिली ओकारी कुठल्या तरी कोपऱ्यातून ऐकू येते. मग दुसरी, अगदी शेजारून. कुणी रडतं, कुणी हसतं, कुणी जांभयांवर जांभया देत सुटतं. या सगळ्यावरून गाणाऱ्याचा बारीक, थरथरता आवाज फिरत राहतो. ती गाणी म्हणजे इकारो, आणि ते पेय म्हणजे आयावास्का. केचुआ भाषेत आया म्हणजे मेलेल्याचा आत्मा आणि वास्का म्हणजे दोर किंवा वेल.

सकाळी त्यातल्या कुणालाही विचारा, उत्तर थोड्याफार फरकानं एकच येतं: ‘काल माझ्यातून खूप काही बाहेर पडलं.’

माझं भांडण या एका वाक्याशी आहे. पेयाशी नाही आणि ते शतकानुशतकं जपणाऱ्या माणसांशी तर मुळीच नाही. जे बाहेर पडलं ते वाईटच होतं, ते बाहेर पडायलाच हवं होतं, आणि बाहेर पडलं म्हणजे आपण बरे झालो, अशा तीन गोष्टी या वाक्यात एकावर एक रचलेल्या आहेत. पहिली कधी खरी असते, कधी नसते. दुसरी सिद्ध करता येत नाही. तिसरी धोकादायक आहे, कारण ज्याच्या हातात आपण त्या रात्री जीव सोपवलेला असतो, त्याला ती सगळ्या जबाबदारीतून मोकळं करते.

आधी शरीराचं बघू. हे पेय दोन वनस्पती तासन्‌तास उकळून करतात. एक बॅनिस्टेरिऑप्सिस कापी ही वेल आणि दुसरी चाक्रुना नावाच्या झुडपाची पानं. पानांत डीएमटी हे भास घडवणारं रसायन असतं. नुसतं डीएमटी गिळून काही होत नाही, कारण आतड्यातलं आणि यकृतातलं मोनोअमाइन ऑक्सिडेज हे विकर (एन्झाइम) त्याचा वाटेतच निकाल लावतं. वेलीतली हार्मिन, हार्मालिन ही द्रव्यं त्या विकराला काही तास अडवून धरतात, म्हणून डीएमटी मेंदूपर्यंत पोचतं. (हजारो वनस्पतींच्या जंगलात ही जोडी कुणाला नि कशी सापडली, या प्रश्नावर मी अजून थक्क आहे.) पण तेच विकर शरीरातलं सेरोटोनिन हे निरोप पोचवणारं द्रव्यही मोडत असतं, आणि शरीरातलं नव्वद टक्क्यांच्या आसपास सेरोटोनिन आतड्यातच असतं. तिथं ते वाढलं की पोटातून मेंदूकडे जाणारी व्हेगस नर्व्ह मेंदूच्या तळाशी निरोप पाठवते: बाहेर काढ. पोट ढवळतं, तोंडाला पाणी सुटतं, उलटी होते. अनेकांना जुलाबही होतात.

केमोथेरपी घेणाऱ्या रुग्णालाही उलट्या होतात आणि त्यातल्या बऱ्याचशा याच सेरोटोनिनच्या वाटेनं येतात. त्या उलटीला मात्र कुणी शुद्धी म्हणत नाही. तिच्यावर गोळी देतात.

म्हणून आयावास्काची उलटी ‘नुसता साइड इफेक्ट’ ठरते का? असं म्हणून हात झटकणाऱ्या डॉक्टरांशीही माझं पटत नाही. पेरूत या पेयाचं एक नावच मुळी ला पुर्गा आहे, म्हणजे पोट साफ करणारं औषध. ज्यांची ही विद्या आहे त्यांनी उलटीला मध्यभागी ठेवलं आहे. प्रतिमा, दृष्टान्त हे अनेकदा नंतर येतात. इव्हगेनिया फोटिउ आणि ॲलेक्स गिरिन या मानववंशशास्त्रज्ञांनी २०१९ मध्ये नेमकं हेच मांडलं होतं की उलटीला गौण मानून बाजूला सारलं तर या उपचारातलं महत्त्वाचं काहीतरी हातून निसटतं. मला ते मान्य आहे. फक्त एक विचारायचं राहतं: मध्यभागी ठेवली ती कशासाठी?

इथं गंमत सुरू होते. इक्वेडोर आणि पेरूच्या सीमेवरचे आचुआर लोक घ्या. तिथं पुरुष पहाटे तीन-चारच्या सुमारास, काळोखातच उठतात. चुलीवर ग्वायुसाच्या पानांचा काढा तयार असतो. त्यात चहा-कॉफीसारखंच कॅफिन असतं. घटाघटा भरपूर पितात, रात्रीची स्वप्नं एकमेकांना सांगतात, गप्पा होतात आणि उजाडायच्या आत बाहेर जाऊन सगळं ओकून येतात. मग दिवसाच्या कामाला लागतात. १९७० च्या दशकात त्यांच्यात राहिलेल्या फिलिप देस्कोला या फ्रेंच मानववंशशास्त्रज्ञानं या पहाटेचं वर्णन केलं आहे. तिथं कुणाचं बालपणीचं दुःख बाहेर पडत नाही. पोट रिकामं होतं, अंग हलकं होतं, शिकारीला निघता येतं. आपण दात घासतो तितकीच ती साधी गोष्ट आहे.

उत्तर अमेरिकेच्या आग्नेय भागातले मूळ रहिवासी समारंभात असाच एक काळा काढा पिऊन ओकत. युरोपीय लोकांनी ते पाहिलं आणि त्या झुडपाला १७८९ मध्ये शास्त्रीय नाव दिलं इलेक्स व्होमिटोरिया, म्हणजे उलटी आणणारं. प्रत्यक्षात त्या पानांत उलटी आणणारं असं काही नाही, आज त्याचा चहा लोक आरामात पितात. उलटी माणसं करत होती, ठरवून, रीत म्हणून. नाव मात्र झाडाला चिकटलं. ओकणारा समाज दिसला की ओकण्याचं कारण पेल्यात शोधायचं, ही सवय तेव्हापासूनची आहे.

अमेझॉनमध्ये पोटाची साफसफाई अनेक कारणांसाठी होई आणि होते. आतड्यातले जंत जावेत म्हणून. शिकाऱ्याचा पानेमा, म्हणजे हाताला लागलेलं अपयश, सुटावा म्हणून. कुणीतरी मत्सरानं करणी केली, अदृश्य बाण मारला, तो निघावा म्हणून. आणि कित्येक ठिकाणी पेय रोगी पीतच नसे. पीत असे तो वैदू. पेरूतले शिपिबो लोक त्याला ओनान्या म्हणतात, ज्याला ठाऊक आहे तो. तो पिऊन बघे, गाई, दुखऱ्या जागेवर तोंड लावून ते दुखणं ओढून घेई आणि थुंकून किंवा ओकून टाकी. म्हणजे रोग्याच्या वाटची ओकारी वैदूनं काढायची. पेरूतल्या उकायाली नदीकाठच्या मेस्तिसो, म्हणजे मिश्रवंशीय, वैदूंकडे तर याच्या अगदी विरुद्ध समजूत आहे. त्यांच्या छातीत एक कफ असतो, त्याला याचाय किंवा मारिरी म्हणतात. याचाय म्हणजे ज्ञान. गुरू तो घशाशी आणतो आणि शिष्याला गिळायला देतो. घशातून वर येतं ते सगळं घाणच असतं, हे गृहीतक तिथं टिकत नाही. तिथं विद्यासुद्धा ओकारीच्याच वाटेनं येते.

आता पेरूतल्या इकितोस किंवा पुकाल्पा शहराजवळच्या एखाद्या केंद्रात आठ-दहा दिवसांसाठी आलेल्या परदेशी पाहुण्याकडे बघा. त्याच्यावर करणी झालेली नाही, त्याला शिकारीला जायचं नाही, जंतही बहुधा नाहीत. त्याच्याकडे घटस्फोट आहे, नैराश्य आहे, युद्धावरून आलेला असेल तर झोपेत दचकून उठणं आहे. त्याची दुखणी खरी आहेत, त्यांची थट्टा करायचं कारण नाही. पण त्यानं उलटीची क्रिया अमेझॉनची घेतली आणि तिचा अर्थ स्वतःकडचा लावला: आत साठलेली भावना ही वस्तू आहे आणि ती तोंडावाटे काढता येते. दोन समजुतींचा हा जोड मालोकाबाहेर लावलेला आहे. तो प्राचीन आहे असं सांगून विकला जातो, तेव्हा मला राग येतो.

या जोडाचं खरं काम रात्री एकनंतर दिसतं. केंद्रातले सहायक आधीच सांगून ठेवतात की शुद्धी अनेक वाटांनी होते. उलटी ही शुद्धी, तसेच जुलाब, रडू, थरथर, जांभई, घाम आणि खदखदून हसणंही. भीतीनं गारठून जाणं, हीसुद्धा शुद्धी. मग शुद्धी नाही असं उरलं काय? छातीत धडधडतंय म्हटलं तर ‘सोडून दे’. आपण मरतोय असं वाटतंय म्हटलं तर ‘अहंकार मरतोय, मरू दे’. नको, मला बाहेर जायचंय म्हटलं तर ‘हा तुझा विरोध आहे, त्याच्यातूनच जायचंय’. आणि ज्याला काहीच झालं नाही, उलटीसुद्धा नाही, तो बिचारा दुसऱ्या दिवशी खजील होऊन विचारतो, माझं काही निघालंच नाही का? त्याला दुसरा पेला मिळतो.

कुठलीही घटना ज्या सिद्धान्ताच्या विरोधात पुरावा होऊ शकत नाही, त्याला मी उपचाराचा सिद्धान्त म्हणणार नाही. त्या खोलीत तक्रार या गोष्टीला जागाच ठेवलेली नसते. हा शब्दांचा खेळ नव्हे, यात माणसं दगावली आहेत. २०१५ मध्ये इकितोसजवळ तंबाखूच्या पाण्याच्या शुद्धीविधीनंतर एक परदेशी तरुण मेला. तिथला तंबाखू म्हणजे मापाचो, निकोटियाना रस्टिका, त्यात निकोटिन नेहमीच्या तंबाखूपेक्षा कितीतरी अधिक. निकोटिनची विषबाधा सुरू कशी होते? मळमळ, घाम, लाळ, उलटी, थरथर. शुद्धीची यादी नि विषबाधेची यादी शेजारी शेजारी ठेवली तर दोघींत फरक करायला प्रशिक्षित डोळा लागतो. जो डोळा आधीच ठरवून बसलाय की हे सगळं चांगलंच चाललंय, त्याला तो कसा करता यावा?

हीच गत कांबोची. तो वनस्पती नव्हे, बेडूक आहे, पण विकला जातो याच फळीवरून. फायलोमेड्युसा बायकलर या मोठ्या झाडबेडकाच्या कातडीवरचा स्राव. मात्सेस, कातुकिना वगैरे समाजांतले शिकारी तो अंगावर घेतात. जळत्या काडीनं कातडीवर बारीक ठिपके भाजायचे आणि त्यावर तो स्राव लावायचा. मिनिटाभरात चेहरा लाल होऊन सुजतो, छाती धडधडते, मग अर्धा तास उलट्या. त्याआधी लिटर-दोन लिटर पाणी प्यायला लावतात, ओकायला पोटात काहीतरी हवं म्हणून. शेवटी बादलीत हिरवंपिवळं पाणी दिसलं की सांगतात, बघा, विष निघालं. ते पित्त असतं. रिकाम्या पोटी ज्याला ज्याला जोरात उलट्या होतात, त्याचं तेच निघतं. आणि एवढं पाणी पोटात, वर त्या स्रावातली पेप्टाइडं, यामुळे रक्तातलं सोडियम झपाट्यानं खाली जाऊ शकतं. त्यानं माणूस गोंधळतो, झटके येतात, बेशुद्ध पडतो. ऑस्ट्रेलियानं २०२१ मध्ये कांबोवर बंदी घातली. गोंधळलेल्या माणसाला ‘अजून पाणी पी, अजून निघू दे’ म्हणणारा सहायक क्रूर असतो असं नाही. त्याला शिकवलेलंच तेवढं असतं.

विष ओकून टाकता येतं, ही कल्पना आधुनिक वैद्यकालाही फार काळ खरी वाटत होती, हे विसरून चालणार नाही. इपेकॅक नावाचं उलटीचं औषध ब्राझीलच्याच जंगलातल्या एका मुळापासून होई. युरोपनं ते सतराव्या शतकात उचललं. पुढं विसाव्या शतकात अमेरिकेतल्या घराघरात त्याची बाटली असे: मुलानं काही विषारी गिळलं तर एक चमचा पाजायचा. मग लोकांनी मोजून बघितलं. उलटीनं विष फारच थोडं निघतं, किती निघेल याचा भरवसा नाही, आणि मुलाच्या जिवाला फायदा झाल्याचं काही दिसत नाही. २००३ मध्ये अमेरिकेतल्या बालरोगतज्ज्ञांच्या अकादमीनं सांगितलं, घरात ते ठेवूच नका. दरम्यान, वजनाच्या भीतीनं रोज ओकणाऱ्या मुलींनी तेच औषध वापरून स्वतःच्या हृदयाचे स्नायू निकामी करून घेतले होते. म्हणजे त्याच खंडातलं मूळ, तीच ‘वाईट ते बाहेर’ ही खात्री, वर डॉक्टरांचा शिक्का, आणि तरी चूक. वैद्यकाला ती सोडता आली, कारण तिथं चुकलो असं म्हणायची सोय होती.

मनाच्या ओकारीचा इतिहासही असाच आहे. १८९५ मध्ये ब्रॉयर आणि फ्रॉइड या डॉक्टरांनी हिस्टेरियावरचं पुस्तक काढलं. अडकलेली भावना शब्दांवाटे बाहेर पडली की लक्षण जातं, असं त्यात म्हटलं होतं. ज्या रुग्णेवरून हे सुरू झालं, तिनं स्वतः या प्रकाराला ‘धुराडं झाडणं’ असं नाव दिलं होतं. फार सुंदर शब्द आहे. पण पुस्तकात बरी झालेली ती बाई ब्रॉयरचे उपचार थांबल्यावर १८८२ मध्ये स्वित्झर्लंडमधल्या एका सॅनेटोरियममध्ये दाखल होती. फ्रॉइडनंही ही वाट लवकरच सोडली. २००२ मध्ये ब्रॅड बुशमन या मानसशास्त्रज्ञानं सहाशे विद्यार्थ्यांवर प्रयोग केला. त्यांना आधी चिडवलं, मग काहींना चिडवणाऱ्याला आठवत बॉक्सिंगची पिशवी बडवायला दिली, काहींना नुसतं व्यायाम म्हणून बडवायला दिली, आणि काहींना काहीच न करता बसवलं. सर्वांत जास्त राग पहिल्या गटात उरला, सर्वांत कमी गप्प बसलेल्यांत. आणि भयंकर प्रसंगातून आलेल्या माणसाला एकाच बैठकीत सगळं बोलायला लावलं तर पुढचा त्रास टळतो, या समजुतीलाही नीट केलेल्या चाचण्यांत आधार मिळालेला नाही.

याउलट जेम्स पेनेबेकर या मानसशास्त्रज्ञानं १९८६ मध्ये लोकांना रोज पंधरा मिनिटं असं चार दिवस आपल्या सर्वांत दुखऱ्या आठवणीवर लिहायला लावलं. त्या लोकांच्या पुढल्या काही महिन्यांतल्या दवाखान्याच्या खेपा कमी झाल्या. ‘बघा, बाहेर काढलं म्हणून!’ असं वाटतं. पण पुढं ते कागद तपासले तेव्हा असं दिसलं की जास्त फायदा झाला तो ‘कारण’, ‘म्हणून’, ‘आता कळतं’ असे शब्द दिवसागणिक ज्यांच्या लिहिण्यात वाढत गेले त्यांना. चारही दिवस नुसता आक्रोश कागदावर ओतला, त्यांना तितका नाही.

आपल्या भाषेत या दोन्ही गोष्टींना शब्द आहेत, आणि दोन्ही पोटातलेच आहेत. मनातली मळमळ बाहेर काढणं हा एक. पण दुःख आपण पचवतो. अपमानही पचवतो. ओकणं घटकेचं असतं, पचवायला वेळ लागतो, आणि पचलेलं बाहेर जात नाही, अंगी लागतं. आयावास्का पिऊन ज्यांचं खरोखर भलं झालं, त्यांच्याशी शांतपणे बोललं तर ते त्या रात्रीबद्दल दोन वाक्यं बोलतात आणि नंतरच्या वर्षाबद्दल तासभर: भावाला फोन केला, नोकरी सोडली, दारू सुटली, पुन्हा सुरू झाली, पुन्हा सुटली. हे सगळं पचनाच्या बाजूचं आहे. पण ते एका रात्रीत होत नाही, दिसत नाही आणि त्याची जाहिरात करता येत नाही. बादली दिसते.

उलटी झाल्यावर येणारा हलकेपणा मी नाकारत नाही. तो ज्याला ठाऊक नाही असा माणूस नसेल. तासभर घशाशी आलेलं एकदाचं निघतं, कपाळावरचा घाम गार होतो, आणि क्षणभर सगळं जग माफ करावंसं वाटतं. त्यात त्या पेयानं मन उघडं पडलेलं, कानावर गाणं, भोवती आपल्यासारखेच दहा-पंधरा जण. अशा वेळी ‘माझ्या बापाचा राग निघून गेला’ असं कुणाला वाटलं तर त्याला खोटं म्हणण्याचा उद्धटपणा मी करणार नाही. अर्थ लावण्यातही बळ असतं. माझं म्हणणं इतकंच, की तो अर्थ ज्याच्या पोटातून ते आलं त्यानं लावावा. पेला देणाऱ्यानं आधीच छापून ठेवू नये.

आकडे काय सांगतात? ब्राझीलमधल्या नाताल इथं औषधांना दाद न देणाऱ्या नैराश्याच्या २९ रुग्णांवर झालेली चाचणी २०१९ मध्ये प्रसिद्ध झाली. १४ जणांना आयावास्का, १५ जणांना बनावट पेय. ते बनावट पेयही काळजीपूर्वक केलेलं: तपकिरी, कडवट-आंबट, आणि थोडं पोट ढवळावं म्हणून त्यात झिंक सल्फेट. मळमळलं म्हणजे खरं मिळालं, असं लोक धरून चालतात, हे संशोधकांना पक्कं ठाऊक होतं. सात दिवसांनी खरं पेय घेतलेल्यांपैकी ९ जणांना चांगला फरक पडला होता, बनावट घेतलेल्यांपैकी चौघांना. उलटी झाली होती खऱ्या गटातल्या ८ जणांना. साधं गणित केलं तरी निदान एकजण न ओकता सुधारला. छोटी चाचणी आहे, तिच्यावर फार इमले बांधू नयेत. सायलोसायबिन या भास घडवणाऱ्या अळंब्यांतल्या द्रव्याच्या चाचण्यांतही नैराश्य कमी होताना दिसतं आणि तिथं उलटीला कुणी उपचार मानत नाही. उलटीवाचून बरं वाटत नाही, हे म्हणणं मात्र या सगळ्यात कुठं बसत नाही.

दुसरा आकडा मोठा आहे. २०२२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका जागतिक सर्वेक्षणात आयावास्का घेतलेल्या दहा हजारांहून अधिक लोकांनी उत्तरं दिली. सुमारे ७० टक्के लोकांना शारीरिक त्रास झाला होता, मुख्यतः उलटी. निम्म्याहून अधिक, ५५.९ टक्के लोकांना पुढच्या आठवड्यांत वा महिन्यांत काही ना काही मानसिक त्रास झाला. आणि अशांपैकी ८८ टक्के लोकांनी तो त्रास आपल्या वाढीचाच भाग असल्याचं सांगितलं. या ८८ टक्क्यांकडे दोन्ही बाजू बोट दाखवतात. एक बाजू म्हणते, बघा, लोकांना स्वतःला ते चांगलं वाटतं. दुसरी म्हणते, बघा, कसे भारावलेत. मला दोन्ही उतावळे वाटतात. त्रास होऊनही तो उपयोगी ठरणं शक्य आहे, आयुष्यात ते होतंच. पण ज्या चौकटीत प्रत्येक त्रासाला आधीच ‘वाढ’ हे नाव दिलेलं असतं, तिथून आलेल्या माणसाचं उत्तर ऐकताना ती चौकटही ऐकावी लागते. आणि त्रास झालेल्यांपैकी सुमारे १२ टक्के लोकांनी नंतर व्यावसायिक मदत शोधली. त्यांना त्या घरी कुणी काय सांगितलं असेल? बहुधा हेच की अजून थोडं निघायचं राहिलंय.

मग करावं काय? बंदी हा सोपा शब्द आहे. तो बरोबर आहे असं मला वाटत नाही. बंदीनं हा सगळा प्रकार बंद दारांमागे जातो, आणि बंद दारामागे उलटी करणाऱ्याजवळ अँब्युलन्स बोलावायची हिंमत कुणी करत नाही. पेरूनं २००८ मध्ये अमेझॉनच्या मूळ समाजांचं आयावास्काचं ज्ञान आणि त्याचे पारंपरिक उपयोग राष्ट्रीय सांस्कृतिक वारसा म्हणून जाहीर केले. त्याच ठरावात या उपयोगांना संदर्भ सोडून केलेल्या, धंदेवाईक वापरापासून वेगळं काढलं आहे. कागदावर फरक केला हे छान झालं. पण केंद्रांच्या जाहिरातींत तो वारसा झळकतो, फरक मात्र गायब असतो. ब्राझील जास्त स्पष्ट आहे. तिथं सांतो दाइमे, उनियाँव दो व्हेजेताल असे आयावास्का हाच संस्कार मानणारे पंथ आहेत. २०१० च्या सरकारी ठरावानं धार्मिक वापर मान्य केला, धंदा नाकारला, नव्यानं येणाऱ्याची आधी मुलाखत घ्यायला सांगितली. सांतो दाइमेत उलटीला लिंपेझा म्हणतात, साफसफाई. आणि त्रास फार झाला तर त्याला पेइया म्हणतात, म्हणजे चोप. तो चोप बसतो तेव्हा तुम्ही दर पंधरवड्याला भेटणाऱ्या, नाव-गाव माहीत असलेल्या माणसांत असता. उद्या, परवा, पुढल्या महिन्यात तीच माणसं पुन्हा भेटणार असतात. आठ दिवसांच्या पॅकेजात हेच नेमकं नसतं, आणि ते पैसे देऊन विकत घेता येत नाही.

जे नियमानं आणता येतं, ते तरी आणावं. कुठली औषधं चालू आहेत हे विचारणं ही औपचारिकता नव्हे: नैराश्याच्या नेहमीच्या गोळ्या आणि ही वेल एकत्र आली तर सेरोटोनिन इतकं चढू शकतं की ताप, झटके, मृत्यूपर्यंत जातं, आणि त्याची सुरुवातही घाम, थरथर नि जुलाबांनीच होते. पेल्यात धोतऱ्याच्या कुळातलं तोए मिसळलंय का, हे सांगणं बंधनकारक हवं. अमेरिकेतल्या ऑरेगॉन राज्यानं सायलोसायबिनसाठी परवानाधारक सहायकांची पद्धत आणली, त्यात सहायकानं अंगाला हात लावायचा तर आधी लेखी संमती लागते. अगदी क्षुल्लक वाटणारी ही अट आहे, पण अंधाऱ्या खोलीत, अर्धशुद्धीत असलेल्या बाईला ‘ऊर्जा मोकळी करतो’ म्हणून हात लावणाऱ्यांच्या हकिगती इतक्या झाल्यात की अशा वनस्पतींवर काम करणाऱ्या चाक्रुना इन्स्टिट्यूटला याविषयी स्वतंत्र मार्गदर्शिका काढावी लागली. तिथंही तिच्या ‘नको’चा अर्थ ‘विरोध सोडत नाहीये’ असा लावला गेला होता. शब्द तेच आहेत. म्हणून माझी एक अट या सगळ्यांच्या वर आहे: समारंभात होणारा त्रास आधी त्रास म्हणून तपासला जावा. नाडी, श्वास, शुद्ध, उलटीत काय आहे, किती वेळ झाला. त्यानंतर हवा तो अर्थ लावा.

तरीही कुणी जाणारच असेल, तर त्यानं त्या केंद्राला देवाबद्दल, वंशपरंपरेबद्दल विचारत बसू नये. रात्री दोन वाजता न प्यालेलं कोण जागं असतं, हे विचारावं. नदीतून दवाखाना किती तासांवर आहे, होडी रात्री निघते का, होडीवाला तिथंच झोपतो का, हे विचारावं. मला थांबायचंय असं मी म्हणालो तर तुम्ही काय कराल, हे विचारावं आणि उत्तर देणारा किती वेळ घेतो ते बघावं.

सलग कोरड्या ओकाऱ्यांनी अन्ननलिकेचं अस्तर फाटू शकतं, हे वैद्यकाला चांगलं ठाऊक आहे. सकाळी मालोकाबाहेर धुतलेल्या बादल्या उन्हात पालथ्या घातलेल्या असतात. पाहुणे आत गोल करून बसलेले असतात आणि रात्री काय काय निघून गेलं ते एकेक जण सांगत असतो. त्या बादल्या धुणारी बाई बहुतेक जवळच्या गावातली असते, तिला त्या गोलात कुणी बोलावत नाही. कुठल्या बादलीत रक्त होतं का, हे तिलाच ठाऊक असतं.